शिंगटे आबांची वाकळ

शिंगटे आबा कुणाशी हात मिळवत नाहीत. ते समोरच्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरतात, अंगठ्याने चोळून बघतात आणि विचारतात, "हा टाकणार कवा?"

माझ्यावर हा प्रसंग लिफ्टमध्ये आला. मी ऑफिसला निघालो होतो आणि शर्ट मागच्याच दिवाळीचा होता. म्हणालो, "अजून दोन वर्षं तरी नाही." आबांनी बाही सोडून दिली. "रिजेक्ट. कोरा हाय अजून. मुरला की सांगा, कदम."

तुळिंजला आमच्या बिल्डिंगमध्ये आबांचं दार माझ्या दारासमोर आहे. मूळचे साताऱ्याकडचे. सातिवलीच्या एका शर्टांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं चेकिंग केलं. शिवून आलेला शर्ट उलटासुलटा करून बघायचा आणि पास म्हणायचं, नाहीतर रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर शर्ट संपले, पण सवय काही संपली नाही. सोसायटीच्या मीटिंगचा चहा रिजेक्ट, सेक्रेटरींचं भाषण त्याहून रिजेक्ट. माझ्या बायकोची शेंगदाण्याची चटणी तेवढी पहिल्या फटक्यात पास झाली, तेव्हापासून ती आबांविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही.

एप्रिलअखेरीला आबा दारोदार जुने कपडे मागू लागले, तेव्हा मात्र लोक चक्रावले. पहिल्या मजल्यावर बातमी होती की कपड्यांवर भांडी घेणार. मला राहवेना. एका संध्याकाळी चटणी द्यायच्या निमित्ताने आत गेलो, तर हॉलभर गोधडी पसरलेली. आबा तिला वाकळ म्हणतात. वर पंखा गरगरतोय, अंगातून घामाच्या धारा लागल्यात आणि हा माणूस चष्मा कपाळावर चढवून धावदोरा घालतोय. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे एकसारखे.

"आबा, सातिवलीत कात्रणांची पोती फुकट मिळतील की. कोरी करकरीत."

"कोऱ्या कापडाची वाकळ टोचती. माणसानं वापरलेलं पायजे. मग ते मऊ पडतं."

"पण कुणासाठी चाललंय हे?"

"ओवीच्या टीचरसाठी."

ओवी म्हणजे त्यांची नात. दोन वर्षं तिला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम आबांकडेच होतं. पहिलीत असताना सुरुवातीचे तीन महिने ती वर्गात तोंडच उघडत नव्हती. एका दुपारी बाकावरच झोपी गेली. वर्गाच्या लोपीस टीचरनी तिला मांडीवर घेतलं, अंगावर पदर घातला आणि तासभर तशाच बसून बाकीच्या पोरांचे पाढे घेतले. ओवी उठली ती बोलू लागली. आबांना हे शाळा सुटल्यावर टीचरनीच सांगितलं.

"माझ्या नातीला तिनं पदर पांघरला," आबा म्हणाले. "आन् आपण काय द्यायचं? पेन?"

परीक्षा झाल्यावर ओवीच्या वडिलांची हैदराबादला बदली झाली आणि तिघं तिकडे गेली. आजी तर केव्हाच वारलेल्या. आबा एकटेच मागे राहिले, वाकळ करत. भीती त्यांना एकच होती. रोज जिन्यात मला थांबवून विचारायचे, "बाई घेतील ना हो? परक्यांचे वापरलेले कपडे हायेत." त्या धास्तीपायी एका वाकड्या टाक्यासाठी त्यांनी एक अख्खी बाजू उसवून पुन्हा घातली.

शाळेत भेटवस्तू चालत नाहीत, म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही माझ्या स्कूटरवरून टीचरच्या पापडी गावातल्या घरी गेलो. उकाड्याने जीव नकोसा झालेला आणि मागे आबा वाकळ पोटाशी धरून बसलेले. टीचर नुकत्याच चर्चमधून मिस्सा आटोपून आल्या होत्या. त्यांनी वाकळ ओटीवर उलगडली, दोन्ही हात तिच्यावरून फिरवले आणि सरळ गालाला लावली. "किती मऊ झालीय हो आबा." आबांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मलाच हायसं वाटलं.

मग टीचर थबकल्या. "ही एक कड सुटी राहिलीय का?"

मी वाकून पाहिलं. चांगली हातभर कड उघडी होती. एक टाका वाकडा गेला तर बाजू उसवणाऱ्या माणसाकडून हे राहीलच कसं?

"थांबा, सुईदोरा आणते. आत्ता होऊन जाईल," टीचर म्हणाल्या आणि आतून डबा घेऊन आल्या.

आबा खाली बघत होते. "दहा मिनिटांचं काम हाय, बाई. मुद्दाम ठिवलंय. दर रविवारी येऊन थोडं थोडं घालीन म्हणत हुतो." मग म्हणाले, "घरात ओवीचं नाव काढायला आता कोण न्हाई. फोनवर पोरगी दोन मिनिटं बोलती आन् खेळाय पळती. पळणारच. पर तुमी तिला वळखता."

मला माझीच लाज वाटली. समोरच्या दारात राहून मी वाकळेची चौकशी हजारदा केली होती, ओवीची एकदाही नाही.

टीचरनी डब्याचं झाकण लावलं. "दर रविवारी नऊला मी घरी असते," त्या म्हणाल्या. "चहा इथेच घ्यायचा."

आबा खुर्चीत पुढे सरकले. "ती झोपेतनं उठली तवा काय बोलली, ते सांगा की परत."

परत म्हणजे कितव्यांदा कोण जाणे. पण टीचरनी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगितलं, "उठली, डोळे चोळले आणि म्हणाली, 'माझे आबा आले असतील.'"

"मोठ्यानं म्हणाली?"

"मोठ्याने. सगळ्या वर्गाने ऐकलं."