एसीच्या वाऱ्यावर नऊशे किलोमीटर

टर्र... टिक, टिक, टिक.

बहरीनच्या बुसैतीनमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, सकाळी अकराच्या शांततेत हा आवाज झाला आणि उल्का जागच्या जागी थिजली. आठ महिन्यांची पूर्णिमा तासभर रडून आत्ता कुठे गप्प झाली होती. सात वर्षांचा निहार शाळेत, नवरा सदानंद ऑफिसात. आणि हॉलमधल्या सायकलीवरून वाळलेला टॉवेल ओढताना उल्काच्या हातून पेडल फिरलं होतं. ती श्वास रोखून पाळण्याकडे बघत राहिली. पूर्णिमाने डोळे उघडले नाहीत. उलट एक लांब सुस्कारा सोडून ती कुशीवर वळली.

सायकल जानेवारीत घरात आली होती. डोंगरातून चालवायची, जाड टायरची. पण बहरीनमध्ये डोंगर कुठला. चढायचंच म्हटलं तर समुद्रावरचे पूल. म्हणून सदानंदने ती एका यंत्रावर बसवून घेतली. मागचं चाक रोलरवर, समोर टीव्ही. टीव्हीवर फ्रान्सच्या जंगलांतले आणि द्राक्षमळ्यांतले रस्ते दिसायचे, आणि रस्ता चढाला लागला की रोलरही जड व्हायचा. सदानंद नऊ दिवस फ्रान्सला गेला. दहाव्या दिवशी त्याची पाठ धरली आणि सायकलीवर कपडे वाळत पडायला लागले. "तुमच्या ह्या घोड्याला मी हात लावणार नाही," असं उल्काने पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं, त्यामुळे आता टॉवेल काढतानाही तिला चोरट्यासारखं वाटत होतं.

पण ती टिकटिक! दिंडोरीला द्राक्षबागांमधून शाळेत जाताना, उतारावर पाय थांबवले की तिची सायकल अगदी अशीच वाजायची. बहरीनला आल्यापासून नऊ वर्षांत हा आवाज कानावर पडला नव्हता. तिने ओढणी कमरेला खोचली, टीव्ही मुका केला आणि पाचच मिनिटं म्हणून चढली.

समोर फ्रान्सची बर्गंडी उघडली. आधी ओकचं जंगल आणि पानांनी मऊ झालेली चिखलवाट, मग दगडी पूल, पुलानंतर छातीवर येणारा चढ, आणि चढ संपला की दोन्ही बाजूंना द्राक्षं. मांडव नव्हते, कमरेएवढ्या रांगा होत्या, पण पानं तीच. नवव्या किलोमीटरला छाटणी करणारे एक आजोबा मान वर करून हात हलवायचे. कुणीतरी कधीतरी हा रस्ता कॅमेऱ्यात टिपला, त्याला ते हात करत होते, हे उल्काला कळत होतं. तरी तिनेही हात केला. मोठ्या माणसाने हात केल्यावर आपण न करणं बरं दिसत नाही.

पूर्णिमा सव्वा तास झोपली. दुसऱ्या दिवशीही झोपली. तिसऱ्या दिवशी उल्काने मध्येच पाय थांबवले, तर रोलरची घरघर बंद होताच बाईसाहेबांनी टक्क डोळे उघडले. म्हणजे आता थांबायची सोय उरली नाही. रोज वीस किलोमीटर झाल्याशिवाय लेक झोपेना, आणि खरं सांगायचं तर आईलाही करमेना. दिवसाच्या चोवीस तासांतला तेवढा एक तास तिच्याकडे कुणी काही मागत नसे. परत आल्यावर ती अंघोळ करी आणि कपडे सायकलीवर जसेच्या तसे मांडून ठेवी. निळा टॉवेल उजवीकडे, सदानंदचे मोजे डावीकडे.

एक गोष्ट तिला माहीत नव्हती. यंत्र सदानंदच्या नावावर होतं आणि मार्चपासून ऑफिसात फिटनेसची स्पर्धा सुरू झाली होती. ज्याचे किलोमीटर त्याच्या नावापुढे आपोआप चढत.

सदानंद मोठमोठ्या इमारती थंड ठेवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. पहिल्या आठवड्याच्या यादीत आपलं नाव तिसरं बघून तो चमकला. मापन चुकत नाही, असा त्याचा धंद्यातला विश्वास. मग चाक फिरवतं कोण? दोन संध्याकाळी विचार केल्यावर त्याला उत्तर सापडलं: हॉलमधल्या एसीचा वारा मागच्या चाकावर पडतो. त्याने टिश्यू पेपरवर गणित मांडलं, थोडं इकडे, थोडं तिकडे ढकलल्यावर ते सुटलं. खात्री करून घ्यायला त्याने एसीच्या पट्ट्या बरोबर चाकावर रोखल्या.

दुसऱ्या दिवशी सायकलीवर बसताच उल्काच्या पाठीवर गार झुळूक आली. तिने वर बघितलं आणि तिला भरूनच आलं. म्हणजे ह्यांना कळलंय. कळलंय, आणि टोमणा न मारता बायकोला वारा लागावा एवढंच बघितलंय. त्या दिवशी ती वीसऐवजी चोवीस किलोमीटर गेली आणि रात्री काही न बोलता तिने भरली वांगी केली. इकडे चार किलोमीटर वाढलेले बघून सदानंदचा सिद्धांत पक्का झाला. वांगी कशाबद्दल, ते त्याने विचारलं नाही.

एप्रिलमध्ये तो यादीत पहिला आला, तेव्हा खरं सांगायची एक संधी होती. पण निहारने फ्रिजवर फ्रान्सचा नकाशा चिकटवला, वर 'बाबा' लिहिलं आणि रोजच्या किलोमीटरची लाल रेघ पुढे न्यायला सुरुवात केली. "माय बाबा इज इन अ फॉरेस्ट," असं तो शाळेत सांगून आला. दोघांचं गुपित म्हणून उल्का नवऱ्याकडे बघून ओळखीचं हसायची. बायकोलाही आपला अभिमान वाटतोय, असं समजून सदानंद आणखी खाली मान घालायचा.

ऑफिसात एकट्या मेल्विनला शंका होती. वसईचा मेल्विन दर शुक्रवारी पहाटे खरीखुरी सायकल चालवणारा.

"सदा, मंगळवारी अकरा वाजता तू माझ्या शेजारी मीटिंगमध्ये जांभया देत होतास ना? त्याच वेळी तू जंगलात चढ चढत होतास म्हणे."

"मशीन फ्रान्सच्या वेळेवर चालतं," सदानंद म्हणाला आणि चहाला गेला.

नऊशे किलोमीटर झाले आणि कंपनीच्या फ्रान्समधल्या भागीदारांचं पत्र आलं. सप्टेंबरात त्यांची जंगल-मळ्यांतली चार दिवसांची सायकल राइड असते, तुमचा एक जण पाठवा. मॅनेजर जमालुद्दीन साहेबांनी सदानंदची पाठ थोपटली आणि माणूस पाठवण्याआधी त्याला चालवताना एकदा डोळ्यांनी बघू, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चहाला येतो, असं स्वतःच ठरवलं. मेल्विन आणि त्याची बायको हॅझेल यांनाही सोबत घेतलं.

गुरुवारी सदानंद घरी आला तो पाना घेऊनच सायकलीपाशी बसला.

"हे आजच तुबलीला गॅरेजमध्ये टाकून येतो. बिघडलं म्हणून सांगू. परत आणायचंच नाही."

"का?"

त्याने पाना खाली ठेवला. "उल्का, तुला म्हणून सांगतो. ते नऊशे किलोमीटर मी केलेले नाहीत. एसीने केलेत."

उल्काने विचारलं, "एसीने?"

"वाऱ्याने. गणित आहे माझ्याकडे."

"पुलानंतरचा चढ एसीला कसा जमला हो? तिथे आधीच हलका गिअर टाकावा लागतो, नाहीतर पाय अडकतात."

सदानंदने एसीकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं, मग सावकाश बायकोच्या पायांकडे बघितलं. त्या रात्रीची भरली वांगी त्याच्या डोळ्यांपुढून गेली. उल्काला आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसता हसता ती पाळण्याची कड धरून खालीच बसली. उठली तेव्हा मात्र तिने पाना उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

"सायकल घराबाहेर जाणार नाही. माझा एक तास आहे तो."

"मग उद्या साहेबांना सांगून टाकू?" सदानंदने विचारलं. दोघांची नजर एकदमच फ्रिजवरच्या लाल रेघेकडे गेली. सांगायचं ठरेना.

शेवटी असं ठरलं की उल्का स्वयंपाकघरात वडे तळेल आणि तिला पाठ असलेला रस्ता रोलरच्या घरघरीवरून ओळखेल. कढईच्या काठावर झारा एकदा वाजला की गिअर हलका, दोनदा वाजला की जड.

शुक्रवारी पहिले चार किलोमीटर उत्तम गेले. झारा वाजत होता, सदानंद गिअर टाकत होता, जमालुद्दीन साहेब मान डोलवत होते. मग हॅझेल आत आली. "किती करशील गं एकटी? दे इकडे," म्हणून तिने उल्काच्या हातातून झारा काढूनच घेतला. हॅझेलचा हात स्वच्छ. प्रत्येक घाण्याचं तेल ती कढईवर ठक ठक करून निथळायची. उल्काने झारा परत मागितला, तर तिने "बस गं" म्हणून खुर्ची पुढे केली. बाहेर सदानंद इमानाने गिअर जड करत गेला, आणखी जड करत गेला, आणि दगडी पूल ओलांडताना सर्वांत जड गिअरवर पोचला. पुढे चढ होता.

रोलर कुरकुरला आणि थांबला. सदानंद पेडलवर उभा राहिला, लाल झाला, पण चाक तसूभर हललं नाही. घरघर थांबल्याबरोबर पाळण्यातून पूर्णिमाने टाहो फोडला. पाहुण्यांच्या गडबडीत तिची दुपारची झोप राहिली होती. हॅझेलने तिला घेतलं, मेल्विनने चुटक्या वाजवल्या, साहेबांनी किल्ल्या खुळखुळवल्या. ती रडून रडून निळी व्हायला आली.

स्वयंपाकघराच्या दारात उल्काने हात पुसले आणि ओढणी कमरेला खोचली.

"अहो, उतरा."

तो उतरला. ती चढली, तीन गिअर खाली आणले आणि निघाली. घरघर सुरू झाली. पूर्णिमाने दोन हुंदके दिले, तिसऱ्याच्या आधी हॅझेलच्या खांद्यावर तिची मान कलंडली. पूल मागे पडला, चढ मागे पडला, द्राक्षं आली. नवव्या किलोमीटरला आजोबांनी हात केला आणि उल्काचा हात सवयीने वर गेला. जमालुद्दीन साहेबांनीही, बहुधा सभ्यपणा म्हणून, आपला हात अर्धा वर केला.

"मंगळवार अकरा," मेल्विन हळूच म्हणाला.

सदानंदने निहारला जवळ घेतलं. "बेटा, ते सगळे किलोमीटर आईचे आहेत. मी आधीच सांगायला हवं होतं." निहार खोडरबर घेऊन फ्रिजकडे गेला.

साहेबांनी एक वडा सावकाश संपवला. "खलास," विषय संपला अशा सुरात ते म्हणाले. "उनको चलानेवाला चाहिए. नाम मैं बदलवा दूँगा, इंशाल्ला." आणि राइडच्या त्या चार दिवसांत सदानंदला रजा लागेल, हेही त्यांनी स्वतःच ओळखलं, कारण अकरा वाजता रोज वीस किलोमीटर चालवल्याशिवाय लेक झोपणार नव्हती, आणि ते आता कुणी चालवायचे, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. सदानंदने नकळत स्वतःची पाठ चाचपली.

"करतील ते," उल्का सायकलीवरूनच म्हणाली. "एसी आहे मदतीला."

निहार नकाशा घेऊन तिच्याजवळ आला होता. 'बाबा' खोडून तिथे 'आई' लिहिलेलं. त्याने लाल रेघेवरून बोट पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत नेलं, पुन्हा नेलं, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. उल्काचे पाय फिरत होते. थांबता येत नव्हतं.

"पण आई, ही लाइन फक्त पुढेच जाते. नाइन हंड्रेड, सगळे जातानाचेच. मग तू घरी परत कधी आलीस?"