खांबेट्यांचा नऊ फुटी पाट

मुकुंद खांबेटे सर्फबोर्डवर मांडी घालून बसत. जगभर माणसं त्या फळीवर उभी राहतात, पडतात, पुन्हा उभी राहतात. आमचे खांबेटे मात्र दुबईच्या किनाऱ्याजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, जेवायला बसल्यासारखे तिच्यावर बसून राहायचे. लाट आली की फळी वर जायची, खाली यायची, मांडी काही मोडायची नाही. शेजारून सुसाट जाणारी गोरी पोरं ओरडायची, "स्टँड अप, मॅन!" त्यावर हे हात वर करून शांतपणे सांगायचे, "सावकाश होऊ द्या!"

"अहो खांबेटे, ती उभं राहायचीच वस्तू आहे," असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"पेठे, पाटावर कोणी उभं राहतं का? आईनं धपाटा घातला असता."

झालं. त्या दिवसापासून तो बोर्ड आमच्या अल बर्शातल्या सगळ्या मराठी मंडळींत 'खांबेट्यांचा पाट' म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

खांबेटे मूळचे मिरजेचे. दुबईत एका कन्स्ट्रक्शन कंपनीच्या, खर्चाचे अंदाज काढणाऱ्या एस्टिमेशन विभागात आमची टेबलं शेजारीशेजारी होती आणि घरं एकाच गल्लीत. त्यांच्या घरी नीलिमावहिनी आणि मुलगी सई. दोन हजार आठच्या अखेरीला मंदी आली, क्रेन जागच्या जागी थांबल्या, आणि कंपनीतल्या एका ऑस्ट्रेलियन इंजिनियरनं गाशा गुंडाळला. जाताना त्यानं अर्धं घर फुटपाथवर मांडलं होतं, घ्या कोणाला काय हवं ते. आठवीतल्या सईनं तो बोर्ड पाहिला आणि "बाबा, प्लीज, प्लीज!" सुरू केलं. खांबेट्यांनी वितीनं तो मोजला आणि म्हणाले, "चार माणसं ऐसपैस बसतील. असा पाट मिरजेत सुताराला सांगूनही मिळायचा नाही."

या माणसाच्या डोक्यात पंगत भरलेली होती, हे एकदा समजून घेतलं की बाकीचं सोपं होतं. पंक्तीत सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम त्यांनी वाळवंटात आणून पाळला. ऑफिसच्या पँट्रीत आमचे अकाउंटंट एकेक घास बत्तीस वेळा चावत. त्यांचं होईपर्यंत खांबेटे रिकाम्या डब्यासमोर बसून राहत. मीटिंगचे फोन येत, साहेब काचेतून डोकावून जाई. "एक उठला की पंगत उठते हो," ते म्हणायचे. "मागं राहिलेल्याच्या घशात घास अडकतो."

एकदा तर कमाल झाली. रास अल खोरला गोदामं असलेल्या एका अरब गृहस्थांनी आम्हां दोघांना घरी जेवायला बोलावलं. गालिच्यावर भलंमोठं ताट, भोवती आम्ही. आता त्यांच्याकडे रीत अशी, की पाहुणा उठेपर्यंत यजमानानं उठायचं नाही. खांबेट्यांची रीत तुम्हांला ठाऊक आहेच. यजमान खांबेट्यांकडे बघत एक शीत उचलायचे. त्यांचं अजून चाललंय असं समजून खांबेटे काकडीची एक चकती उचलायचे. "खाओ हबीबी, खाओ," यजमान म्हणत. "आप सावकाश होने दो," खांबेटे म्हणत. माझे दोन्ही पाय मेले होते. शेवटी मशिदीतून अजान झाली आणि तिघांचीही सुटका झाली. जिन्यात खांबेटे मला म्हणतात, "काय जेवतो हो हा माणूस!"

हसलो खूप. पण पुढच्या वर्षी हसण्यासारखं फार उरलं नाही. ऑफिसातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. अकाउंटंट गेले. घरभाड्याचा भत्ता बंद झाला, शाळेची फी झेपेना, आणि वहिनी नि सई मिरजेला परत गेल्या. विमानतळावर सईनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या मैत्रिणी इथे, शाळा इथे, समुद्र इथे. खांबेटे तिच्यामागे चालत म्हणाले, "तुझी जागा राखून ठेवतो. मी बसलोय ना इथे."

"प्रॉमिस?" ती न वळता म्हणाली.

"प्रॉमिस."

त्यानंतर दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, ते समुद्रावर जायचे, पाटावर बसायचे, आणि कोणाकडून तरी फोटो काढवून तिला पाठवायचे. म्हणजे आपण आहोत, पाट आहे, जागा आहे. तिचं उत्तर दर वेळी तेच, "बाबा, स्टँड अप ना!" मीही आग्रह केला, पोरीसाठी एकदा उभे राहा म्हणून. तेव्हा ते चक्क चिडले. "उठलो तर पंगत संपली, पेठे. मग ती बसणार कुठे?" मला वाटलं, माणूस एकटेपणानं जरासा सरकला. पण त्या बसण्यावर त्यांचं सगळं आयुष्य टेकलेलं होतं, हे कळायला मला वेळ लागला.

दुसऱ्या हिवाळ्यात एके दुपारी त्यांचा फोन आला. "किनाऱ्यानं एक चक्कर मारून येऊ. तंबू आहे, स्टोव्ह आहे, पाट घेतो."

मला पाण्याची भीती, तंबूत पाठ धरते, आणि वाळू कुठेकुठे जाते ते सांगत नाही. तरी गेलो. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. त्यांच्या जुन्या गाडीच्या टपावर पाट दोरीनं बांधलेला. आधी वाटेतल्या हमरिया फ्री झोन या औद्योगिक वसाहतीत शिरून त्यांनी कंपनीच्या यार्डाची किल्ली तिथल्या वॉचमनच्या हातात दिली. परत गाडीत बसल्यावर म्हणाले, "खलास. काल सांगितलं मला. व्हिसा कॅन्सल होतोय, महिन्याभरात निघायचं."

"घरी सांगितलंत?"

"सावकाश होऊ द्या," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

उम्म अल क्वैन मागे पडलं. रास अल खैमाच्या पुढे उन्हं कलताना आम्ही किनाऱ्यावर थांबलो. मी तंबूशी झटापट करत होतो तोवर यांनी स्टोव्हवर पिठलं-भात केला आणि पाट वाळूवर आडवा मांडला. एका टोकाला स्वतः बसले. मी शेजारी टेकणार, तोच म्हणाले, "तिथे नको. ती नीलिमाची. पुढची सईची. पाहुण्यांची जागा त्या टोकाला." मग आम्ही दोघं नऊ फुटी पाटाच्या दोन टोकांना बसून, मधे दोन माणसांची जागा सोडून जेवलो. मीठ मागायला ओरडावं लागत होतं. एरवी मी टिंगल केली असती. त्या संध्याकाळी जमलं नाही.

सकाळी डोंगर ओलांडून दिब्ब्याला उतरलो. तिकडचा समुद्र निराळा, मोकळा. त्या दिवशी त्याला बऱ्यापैकी लाटा होत्या. खांबेटे पाट घेऊन पाण्यात शिरले आणि नेहमीसारखे मांडी घालून बसले. मी मोबाइल धरून किनाऱ्यावर. एक लाट गेली, दुसरी गेली. मग त्यांनी पाटाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मागून लाट येत असताना ते उठले.

आधी गुडघ्यांवर, मग वाकून, मग जवळजवळ ताठ. हात दोन्ही बाजूंना, पोट पुढे, तोंड उघडं. पन्नाशीचा एस्टिमेटर दिसावा तितकेच ते देखणे दिसत होते. दोन-तीन श्वास ते तसे उभे होते. मग पाट एकीकडे आणि खांबेटे एकीकडे.

मिशीतून पाणी गाळत वर आले ते पहिलं विचारलं, "आला का फोटो?"

आला होता. तिथल्या तिथे सईला पाठवला. शनिवार होता, सकाळची शाळा सुटून ती घरी आली होती. लगेच उत्तर आलं, "ओ माय गॉड बाबा! फायनली!!" खांबेट्यांनी ते दोनदा वाचलं. खूश झाले, अगदी खरे खूश झाले. मग टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी मिरजेला फोन लावला.

"सई, पाहिलास ना? उठलो बघ." पलीकडून तिचा हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "अगं, म्हणजे उठलोच. इथलं झालं माझं. जागा नाही राखता आली मला."

हसणं थांबलं. मग ती बारीक आवाजात काहीतरी म्हणाली आणि खांबेट्यांनी समुद्राकडे तोंड फिरवलं.

नंतर मी विचारलं, काय म्हणाली. नाक पुसत म्हणाले, "इट्स ओके बाबा, म्हणाली. इथे ये, मी ठेवलीय जागा." पुढे हसायचा प्रयत्न करून म्हणाले, "मिरजेत पाट लावणार कुठे हो? समुद्र तर नाही."

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं.

दुपारी तिथेच पाट मांडून रात्रीचा भात फोडणीला टाकला. मी आपला माझ्या टोकाला, जेवण उरकायची घाई करत होतो, कारण हे माझ्यासाठी खोळंबून राहणार. माझी नोकरी शाबूत होती, घरी बायको-पोरं होती, परतल्यावर रविवारपासून ऑफिस होतं. अर्धं ताट अजून भरलेलं होतं, तेवढ्यात खांबेट्यांनी पाण्याचा घोट घेतला, आपल्या ताटाला नमस्कार केला आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना जे करताना पाहिलं नव्हतं ते त्यांनी केलं. पाटावरून माझ्याआधी उठले.

"मी उठतो, पेठे," ते म्हणाले. "तुमचं सावकाश होऊ द्या."

आणि हात धुवायला पाण्याकडे गेले. मी त्या लांबलचक पाटावर एकटा बसून होतो. घास काही उतरला नाही, खरकटा हात तसाच वाळत राहिला.