घरचं माणूस उठेपर्यंत

बोटीतून उतरण्याआधी मुलानं आईची उजळणी घेतली. बाई शाळेत विज्ञान शिकवत. त्यांना उजळणी घ्यायची सवय होती, द्यायची नव्हती.

"बेटावर ग्लास पुढे आला की नाही म्हणायचं नाही," मुलगा म्हणाला. "समोरचा गप्प असेल तर आपणही गप्प. तिकडे तोच मान असतो. आणि मुख्य म्हणजे, घरचं माणूस उठेपर्यंत आपण उठायचं नाही. आधी उठलं की त्यांना वाटतं, आपल्याकडे यांचा जीव रमला नाही."

"आणि ते उठलेच नाहीत तर?"

"उठतात गं. आई, माझं लग्न मोडू नकोस, प्लीज."

"मी तर काही बोलणारच नाही," मुलाचे बाबा म्हणाले.

"एरवी तरी कुठे बोलता," बाई म्हणाल्या.

मुलीच्या घरी वेताच्या चार खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. खिडकीतून माड आणि धक्क्याला लागलेली बोट दिसत होती. आपल्या आईला उठावं लागू नये म्हणून मुलीनं शहाळ्याच्या पाण्याचा भलामोठा जग तिच्या हाताशी ठेवला, आणि "शेवटच्या बोटीची तिकिटं काढून ठेवतो, तुम्ही बोला निवांत," असं सांगून दोघं धक्क्यावर गेली.

कोणीही बोललं नाही. बाई गप्प होत्या, होणाऱ्या विहीणबाईही गप्प होत्या. आपल्याला बराच मान मिळतोय, असं बाईंना वाटलं. थोड्या वेळानं तो जरा जास्तच मिळतोय असंही वाटलं.

"घ्या ना अजून," विहीणबाई म्हणाल्या.

'पुरे' हा शब्द बाईंच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला, मग पाणी गिळलं. ग्लास रिकामा झाला की विहीणबाई तो भरत, आणि सोबत म्हणून स्वतःचाही भरून घेत. ही क्रिया आपोआप थांबणारी नाही, हे बाईंच्या लवकरच लक्षात आलं.

"अहो," त्या नवऱ्याकडे कलून पुटपुटल्या, "उठायचं का?"

"ते उठले की," बाबा ओठ न हलवता म्हणाले.

ऊन खिडकीतून उतरून खुर्चीच्या पायाशी आलं. बाईंच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. धक्क्यावर भोंगा वाजला तेव्हा विहीणबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि त्या कणभर पुढे सरकल्या. बाईंचा जीव भांड्यात पडणार, तोच त्या परत मागे टेकल्या. पुन्हा भोंगा वाजला आणि बोट सुटली; शेवटची अजून यायची होती. चौघांनीही ती जाताना पाहिली.

"बोट छान आहे," व्याही म्हणाले.

"नवी दिसते," बाबा म्हणाले.

दुपारपासूनचं हे सर्वांत लांब संभाषण होतं.

बाईंनी विचार केला. एकीकडे एकुलत्या एका मुलाचं लग्न होतं. दुसरीकडे पोटात गेलेलं अर्धा जग पाणी होतं. मुलाला नंतर समजावता आलं असतं.

"माफ करा," म्हणत त्या उठल्या. "मला बाथरूमला जायचंय."

विहीणबाई ताडकन उठल्या. "सुटले बाई. मी कधीची ताटकळतेय."

"अहो, मग जायचं नाही का? घर तुमचं आहे."

"कशी जाणार? लेकीनं बजावलंय. त्यांच्याकडे घरचं माणूस उठलं की पाहुण्याला वाटतं, निघा म्हणताहेत. शिवाय त्यांना बोलायला आवडतं, म्हणे, तेव्हा मध्ये तोंड घालू नकोस. आणि ती माणसं भिडस्त असतात, पुरे म्हणाली तरी आग्रह सोडू नकोस." विहीणबाईंनी रिकाम्या जगाकडे पाहिलं. "तुम्ही तर पुरेसुद्धा म्हणाला नाहीत."

दोघी लगबगीनं बोळातून गेल्या. बाथरूम एकच होतं.

"आधी तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या.

"छे हो, तुम्ही कधीच्या थांबलाय."

"पण पाहुण्या तुम्ही."

"असं कसं, घर तुमचं. जा तुम्ही."

एकमेकींचा हात धरून दोघी एकमेकींना आत ढकलत होत्या, तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी अंग चोरून आत शिरलं आणि आतून कडी लागली. कोण गेलं, ते दोघींपैकी कोणीच पाहिलं नव्हतं.

दोघी बंद दाराकडे बघत राहिल्या.

"आमचे हे असेच," दोघी एकदम म्हणाल्या.