दीपिकाचं काही चुकतच नाही

"वा! याला म्हणतात चिंतन!" असं म्हणत यतीनसरांनी याही आठवड्यात प्रियांकाचीच वही वर्गाला वाचून दाखवली, आणि दीपिकाच्या पोटात नेहमीच्या जागी दुखायला लागलं.

मॅनेजमेंटच्या त्या वर्गात प्रत्येकाने चिंतनवही ठेवायची होती. कामात काय चुकलं, का चुकलं, त्यातून काय उमगलं, ते लिहायचं. ज्याची वही सर्वांत चांगली, त्याची शिफारस सर गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात प्रशिक्षणासाठी करणार होते. दीपिकाला तिथे जायचंच होतं. तारकर्लीला आईची खानावळ आणि पाहुण्यांच्या खोल्या दीपिकाच सांभाळायची. पुढे त्याचं नीट हॉटेल करायचं तिच्या मनात होतं.

अडचण एवढीच, की तिचं काही चुकत नसे. प्रियांका त्या बाबतीत भाग्यवान. घरच्या हापूसचा व्यापार देवगडला, त्यामुळे संधीही भरपूर. कधी कोल्हापूरच्या पेट्या पुण्याला जात, कधी पिकल्या आंब्यांवर कच्चे रचले जात. एकदा तर व्यापाऱ्याबद्दल भावाला लिहिलेल्या शिव्या तिने त्या व्यापाऱ्यालाच पाठवल्या. त्या आठवड्यात सर भारावून गेले होते. दीपिकाच्या वहीत 'वेळेचं नियोजन' यावर सुवाच्य अक्षरातला मजकूर असे आणि खाली शेरा: 'छान. पण चुकलं काय?'

शेवटी तिने चुकायचं ठरवलं. तेही नीट नियोजन करून.

पुण्याचं कुटुंब सुरमईच्या थाळीसाठी येणार होतं. दीपिका बाजारात गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परतली.

"मासे खंय गो?" आईने, सुगंधाने विचारलं.

"आणूक इसारलंय."

"तू? इसारलंस?" सुगंधाने आधी तिच्या कपाळाला हात लावला. मग स्वतःच्या. "आता पावण्यांच्या पानात काय वाढू? माजा कप्पाळ?"

शेवटी काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या आणि सोलकढी झाली. दीपिका पाहुण्यांच्या संतापाची वाट बघत दाराशी उभी राहिली. पहिल्याच घासाला पुण्याच्या आजीबाईंचे डोळे भरून आले.

"अहो, मी मासे खात नाही. इकडे आल्यापासून जिथे जावं तिथे माझ्यापुढे वरणभात आणि लोणचं! तुम्ही माझा विचार केलात हो!"

त्यांनी मुक्काम वाढवला.

दुसऱ्या दिवशी डॉल्फिन बघायला जाणाऱ्या होडीसाठी त्यांना पहाटे उठवायचं होतं. दीपिकाने उठवलंच नाही. होडी गेली, समुद्र खवळला, आणि गेलेले सगळे हिरवेपिवळे होऊन परतले. पुण्याची मंडळी तोवर अंगणात चहा पीत होती.

"इतक्या वर्षांत अशी झोप लागली नव्हती!" जावई म्हणाले. "वारा बघूनच उठवलं नाहीत ना? कमाल आहे तुमची!"

आजीबाईंच्या महिला मंडळानेही मग खोल्या ठरवल्या. "तुज्या इसरण्याक लागली साडेसाती!" सुगंधा आंबोळ्या घालता घालता ओरडली. मुद्दाम केलं एवढं सोडून दीपिकाने सगळं प्रामाणिकपणे वहीत लिहिलं. सरांचा शेरा आला: 'ग्राहकाची उत्तम जाण. पण चुकलं काय?'

निकालाच्या दिवशी सरांनी प्रियांकाची वही उघडली. "हा आठवडा वेगळा आहे," ते म्हणाले आणि वाचू लागले. "'आंब्यांत काही बिघडलं नाही. माझ्या मनात बिघडलं. दीपिकाचं कधी काही चुकत नाही. तिच्या खोल्या भरल्याचं कळलं तेव्हा मला तिचा इतका हेवा वाटला, की रात्री जेवण गेलं नाही. हे लिहायला लाज वाटते.'"

सरांनी चष्मा पुसला. शिफारस प्रियांकाला मिळाली.

एसटीत प्रियांका शेजारीच येऊन बसली. "तुका राग नाय मां इलो?"

"माका? कित्या येतलो?" दीपिका हसली. जबडा दुखेपर्यंत हसली.

प्रियांका उतरून गेल्यावर तिने वही काढली. लिहिण्यासारखं आज पहिल्यांदाच खूप होतं, आणि सगळं खरं होतं. 'मला प्रियांकाचा हेवा वाटतो,' असं तिने लिहिलं. थोडा वेळ त्या ओळीकडे बघितलं आणि ती खोडून टाकली.

प्रियांकाचं बघून लिहिलं, असंच सर म्हणाले असते.