पहिल्या ओळीतल्या सासूबाई

इमारतीचं नवं फाटक कार्ड दाखवताच उघडू लागलं आणि चौथ्या मजल्यावरच्या जावईबापूंचं भलतंच कौतुक झालं. रहिवाशांचा तक्ता फाटकाच्या डेटाबेसला त्यांनीच जोडला होता. दुसऱ्याच दिवशी सासूबाई भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या, तर फाटक ढिम्म. गेल्याच महिन्यात त्यांना "तुम्ही आमच्यातल्याच" असं म्हणत जावयाने तळमजल्यावर राहायला आणलं होतं.

"जावईबापू, तुमचं फाटक अख्ख्या इमारतीला ओळखतं. मलाच कसं नाही?"

"आई, तांत्रिक चूक आहे हो."

"असणारच. तुमच्या लग्नात माझी खुर्ची खांबामागे लागली, तीही तांत्रिकच."

जावयाने घाईघाईने डेटाबेस उघडला. १०१, १०२ सगळे जागच्या जागी; सासूबाईंच्या 'तळ-२'च्या जागी मात्र 'त्रुटी'. वरच्या ओळींत नुसते आकडे बघून कॉम्प्युटरने ठरवून टाकलं होतं, की या रकान्यात आकडेच असतात. शेवटच्या ओळीतलं 'तळ' हे अक्षरी नाव वाचायला तो तयारच नव्हता.

"म्हणजे माझी आई माणसांत नाही?" बायकोने विचारलं.

"अगं, माणूस आहे, आकडा नाही."

"हे तिच्यासमोर बोलू नकोस."

मग त्याने तक्त्यात 'तळ-२' खोडून नुसता '२' टाकला. फाटक उघडलं, पण पडद्यावर आलं, 'स्वागत, पंपवाले!' पंपाच्या खोलीचा क्रमांक २ होता. सासूबाई पंपवाले म्हणून आत यायला तयार होईनात.

शेवटी त्याला उपाय सुचला. तक्त्यात पुन्हा 'तळ-२' लिहून ती ओळ त्याने उचलून सगळ्यांच्या वर नेली. वरच अक्षर दिसल्यावर कॉम्प्युटरने मुकाट्याने सगळा रकाना मजकूर म्हणून घेतला. फाटक उघडलं. पडद्यावर सासूबाईंचं पूर्ण नाव आलं.

सासूबाईंनी तक्ता निरखून पाहिला. "सोसायटीच्या अध्यक्षांच्याही वर?"

"हो आई. तुम्ही खाली असलात की सगळं बिघडतं."

यात एक शब्दही खोटा नव्हता. सासूबाईंचे डोळे भरून आले. "खांबाचं विसरले हो मी," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी जावयाला मोकळा श्वास घेता आला.

संध्याकाळी त्या हौसेने मैत्रिणींना फाटक दाखवायला घेऊन आल्या. तिकडे अध्यक्षांना तक्ता विस्कटलेला दिसला होता. शिस्तीचा माणूस; त्यांनी तो घर क्रमांकाप्रमाणे नीट लावून ठेवला, आकडे वर, अक्षरं खाली.

जावयाचा फोन वाजला. मागे मैत्रिणींची कुजबुज ऐकू येत होती.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "खांब परत आलाय."