मुकुंदवाडीची राष्ट्रीय अकादमी

आमचे घरमालक साळवे काका स्वतःच्या ओट्यावर चढताना उलट्या घमेल्यावर पाय देतात. पायरी होती, ती त्यांनीच फोडली. अकादमीच्या शिफारशीवरून.

ही अकादमी काकांचीच. फिटर म्हणून जन्म काढून ते निवृत्त झाले, आणि पेपरात वाचलं की देशातल्या नामांकित इंजिनिअरांची एक राष्ट्रीय अकादमी असते. ती यंत्रं बनवत नाही, पूल बांधत नाही. सरकारला निष्पक्ष सल्ला देते. काका हरखले. "देशाला हाय, मंग मुकुंदवाडीला का नाय?"

बैठक दर रविवारी, ओट्यावर. कोरम दोघांचा: अध्यक्ष काका, सभासद मी. मी आठवीत शाळा सोडलेली, पोटासाठी भंडाऱ्याहून इथं आलेली. कंपनीत मशीनवर उभी असतानाही वाटतं, आत्ता कुणीतरी विचारेल, तुला इथं घेतलं कुणी? काकांनी कधी विचारलं नाही. उलट म्हणाले, "तू नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलं म्हनती. डिग्रीवाले उघडून बघत्यात."

गल्लीतली नाली तुंबली तेव्हा अकादमीनं आठ दिवस अभ्यास केला. काकांनी काठीनं उतार मोजला, 'राष्ट्रहितासाठी' शेजाऱ्यांना बादल्या ओतायला लावल्या. दोष सापडला: काकांचीच पायरी नालीवर आली होती. मी म्हटलं, काका, अहवालात एवढं लिहू नका. ते तापले. "आपल्या सोयीचा असला तर तो सल्ला नसतो, मतलब असतो."

गेल्या आठवड्यात मला चाकणहून बोलावणं आलं. कायमची नोकरी. इथं कशीबशी रुजलेय, तिथं माझं कोण? प्रश्न अकादमीपुढं ठेवला. खरं सांगायचं तर काका 'राहा' म्हणतील म्हणूनच ठेवला. मुलगा दुबईला, काकू जाऊन चार वर्षं झालेली. रविवारी माझ्याशिवाय त्यांच्याकडं कुणी येत नाही.

रविवारी अहवाल तयार होता. खोलीचं भाडं, बसच्या वेळा, बायकांना रात्रपाळी आहे की नाही, सगळं फोन करकरून विचारलेलं. शेवटी तांबड्या शाईत एकच शब्द: जावे.

"आणि कोरम?" मी विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "ते बी लिव्हलं व्हतं. मंग खोडलं. ती अडचन माझी हाय, पोरी. अहवालात बसत नाय."

अहवालाला दोघांच्या सह्या लागतात, म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. पेन द्यायचं मात्र विसरले.