खोक्यावर टेंभुर्णी

शकूरभाईंच्या खिशात पेनाच्या जागी शाळेतली प्लास्टिकची पट्टी असायची. लग्नाच्या पंगतीत ताटात हिरवी मिरची आली की पट्टी बाहेर. मिरची मोजायची, "बिलकुल बराबर" म्हणायचं आणि मगच चावायची. एकदा त्यांनी नवरदेवाच्या ताटातली मोजली. त्याला वाटलं, हाही काही रिवाज असेल. बिचारा ताट पुढे धरून बसला.

शकूरभाई आमचे शेजारी आणि टेंभुर्णीतल्या मिरचीवाल्यांच्या गटाचे अध्यक्ष. आम्ही एकर-दोन एकरवाल्यांनी मिळून थेट दुबईला मिरची पाठवायची, हे खूळ त्यांचंच. तिकडच्या व्यापाऱ्याला सगळ्या मिरच्या एका लांबीच्या लागत, देठ शाबूत लागे, फवारणी कधी थांबवली त्याचा कागद लागे. आपण मात्र त्याला काही विचारायचं नाही. शकूरभाईंनी सगळं कबूल केलं. त्यांचा हट्ट एकच: खोक्यावर 'टेंभुर्णी' हे नाव ठळक छापायचं, तेही मराठीत. तिथं मराठी कोण वाचणार, असं विचारलं की म्हणत, "वाचनारे वाचतेत."

पहिला माल निघाला तेव्हा मी पन्नाशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आता नातवंडांना सांगते, तुमच्या आजीइतकं येडं माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हतं. सगळे जेवायला गेले आणि मी शेडमध्ये एकटी राहिले. परदेशी चाललीय, जरा नटूनथटून जाऊ दे, म्हणून दहा खोक्यांतल्या वरच्या मिरच्यांवर गोडेतेलाचं बोट फिरवलं. काय चमकत होत्या! तपासणीवाल्यानं नेमकं त्यातलंच खोकं उघडलं. बोट लावलं, वास घेतला, आणि सगळा माल परत.

मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी शकूरभाई स्वतः दारात आले.

"वैनी," ते म्हणाले, "मिरच्या दुबईला चालल्या होत्या. तुमी तं भज्याची तयारी करून राह्यल्या."

बस, एवढंच. पुन्हा त्या तेलाचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

दुसऱ्या खेपेला आधी पाठवलेला नमुना पास झाला. मिरची तोडून शेडमध्ये आली, आणि व्यापाऱ्याचा निरोप आला: खोक्यावर गावाचं नाव चालणार नाही, फक्त त्याचं लेबल. नाहीतर माल नको. मिरची काही थांबून राहत नाही. गटातले सगळे शकूरभाईंकडे पाहत राहिले.  ते म्हणाले, खोकी उलटी करा. छापलेली बाजू आत. आणि खाली बसून त्यांनी पहिलं खोकं स्वतः उलगडलं, उलटं दुमडलं. दुपारभर एकेक खोकं ते तसंच दुमडत राहिले.

ट्रक गेला. शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो. मला गप्प बसायची सवय कधीच नव्हती. म्हटलं, आता गावाचं नाव मिरच्याच वाचतील. ते हसले नाहीत.

"नसरीन तिकडंच हाय, वैनी. बाजाराला जात असंन. खोकं दिसलं असतं तं..."

नसरीन त्यांची एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी दुबईत नोकरीला असताना तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा हे तिला म्हणाले होते, तोंड दाखवू नकोस. तिनंही दाखवलं नाही. मी सगळ्यांसारखीच समजत होते, की हा माणूस लेकीला विसरून गेला.

मी नंबर मागितला. म्हणाले, फोनमध्ये न्हाई, त्याच दिवशी काढून टाकला होता. आणि मग खाली मान घालून त्यांनी तो परदेशातला लांबलचक नंबर तोंडपाठ म्हटला. कुठंही अडखळले नाहीत.

मी माझ्या फोनवरून लावला. पलीकडून आवाज आला तसा फोन त्यांच्या हातात दिला. ते उठून उभे राहिले. टोपी नीट केली. 

"बेटा," ते म्हणाले, "उधर मिर्ची तीखी मिलती क्या?"